अर्ध्यावरचं लँडस्केप रेंडर: कुणाला, कधी आणि कसं दाखवायचं

रेंडर, म्हणजे थ्रीडीत रचलेल्या दृश्याचं संगणकाने काढलेलं चित्र, ग्रुपवर टाकलं की पहिल्या पाच मिनिटांत ‘मस्त’, ‘भारी’, ‘कडक’ येतं, चार अंगठे येतात आणि विषय संपतो. यात बघणाऱ्यांची चूक नसते. काय बघायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. चित्र पूर्ण झाल्यासारखं दिसलं तर लोक कौतुक करतात, फारच कच्चं दिसलं तर संकोचाने गप्प बसतात. कामाला येईल असा अभिप्राय या दोन्हींच्या मधे कुठेतरी मिळतो, आणि ती मधली जागा आपणच तयार करावी लागते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच दृश्य धरू. कोकणच्या बाजूने वर बघताना दिसणारा सह्याद्रीचा कडा, पायथ्याला भातखाचरं, एक कौलारू घर, दिवस पावसाळ्याचे. कर्जत-कसाऱ्याच्या लोकलमधून हा देखावा रोज हजारो माणसं बघतात. त्यामुळे मुंबईत तो दाखवायला माणसं भरपूर मिळतात, पण त्यांना फसवणं अवघड. सॉफ्टवेअरचे तपशील ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे आणि त्यातल्या सायकल्स या चित्र काढणाऱ्या रेंडररचे दिले आहेत. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तर बटणं वेगळी असतील, दुखणी हीच.

पहिला फीडबॅक गवत लावायच्या आधी

सर्वांत महागडी चूक म्हणजे उशिरा दाखवणं. तीन लाख गवताची पाती पसरून झाल्यावर कुणी म्हणालं, ‘कॅमेरा जरा खाली हवा होता’, तर ते बरोबर आहे हे कळूनही आपण ऐकत नाही. गवताची दाटी त्या कॅमेऱ्यासाठी रंगवलेली असते, झाडं त्या चौकटीसाठी रचलेली असतात. मग आपण त्या माणसाला आपलं चित्र पटवून द्यायला लागतो. म्हणून पहिली फेरी नुसत्या ठोकळ्यांची करावी: डोंगराची जाळी, घराच्या जागी डबा, झाडांच्या जागी गोळे, एक सूर्य. एकूण कामाच्या दहा टक्क्यांत हे होतं. या फेरीत विचारायचं ते फक्त चौकट आणि आकाररेषेबद्दल. डोंगराची कड आभाळाला कुठे कापते, नजर आधी कुठे जाते, घर हवं तिथे आहे का.

याच फेरीत जमिनीचे दोष पकडून घ्या, कारण पुढे ते हिरवाईखाली दडतात आणि ‘काहीतरी खटकतंय’ एवढ्यावरच राहतात. बरेच जण खऱ्या उंचीचा डेटा घेतात. एसआरटीएम किंवा कोपर्निकस या अवकाशातून केलेल्या मोजणीचा मोफत मिळणारा डेटा ३० मीटरचा असतो, म्हणजे दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा. ३० मीटर उंचीचा सरळसोट कडा या जाळीत एका घरात बसतो आणि त्याचा ४५ अंशांचा उतार होतो. ट्रेक करणारा माणूस लगेच म्हणेल, ‘कडा ढासळलाय.’ उपाय जाळी आणखी बारीक करण्यात नाही, कारण मुळात माहितीच नाही. कड्याचा भाग हाताने कोरावा किंवा वेगळा मेश (थ्रीडी जाळी) म्हणून उभा करावा. शिवाय हाइटमॅपमध्ये, म्हणजे उंची करड्या छटांत साठवणाऱ्या चित्रात, एका जागी एकच उंची असते, त्यामुळे पुढे आलेला खडक किंवा कपार त्यात येऊच शकत नाही.

दुसरा दोष आठ बिटांचा. आठ बिटांच्या चित्रात उंचीच्या २५६ पायऱ्याच असतात. माथेरानएवढा, म्हणजे साधारण ८०० मीटरचा डोंगर त्यात बसवला तर दर तीन मीटरला एक पायरी दिसते. सोळा बिटांत त्याच ८०० मीटरचे ६५,५३६ भाग पडतात, म्हणजे एक पायरी सव्वा सेंटिमीटरची. आपल्याकडे यात एक गंमत होते. सह्याद्री मुळातच पायऱ्यापायऱ्यांचा आहे, लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांचा. त्यामुळे बघणारा हा दोष ‘वा, बेसॉल्टचे थर छान आलेत’ म्हणून सोडून देतो. फरक ओळखायला सोपा आहे. खरे थर कमीजास्त जाडीचे असतात आणि कड्यावर उठून दिसतात. आठ बिटांच्या पायऱ्या एकसारख्या असतात आणि सपाट माळावरही नकाशातल्या रेषांसारख्या उमटतात.

तिसरा दोष एका क्लिकचा. हाइटमॅपचं कलर स्पेस (चित्रातले आकडे कसे वाचायचे ती सेटिंग) ‘नॉन-कलर’ न ठेवता एसआरजीबी राहिलं, तर मधल्या उंचीचा ०.५ आकडा ०.२१च्या आसपास वाचला जातो. पायथा सपाट होतो, मधले उतार खचतात आणि माथे टोकदार होतात. सह्याद्रीचे माथे तर टेबलासारखे. कुणी ‘हे आल्प्ससारखं वाटतंय’ म्हणालं, तर डोंगराला हात लावण्याआधी ही सेटिंग बघा.

काय पाठवायचं

एक चित्र पाठवलं तर बघणारा सगळ्यावर थोडंथोडं बोलतो. चार चित्रं पाठवली तर तो नेमकं बोलतो. मुख्य रेंडर १९२० पिक्सेल रुंद पुरे. त्यासोबत तेच दृश्य करड्या एकरंगी मातीचं, म्हणजे क्ले रेंडर. तिसरी त्याची कृष्णधवल प्रत. चौथा, जिथे शंका आहे त्या भागाचा पूर्ण आकारातला तुकडा.

क्ले रेंडरसाठी व्ह्यू लेयरमध्ये मटेरियल ओव्हरराइड (सगळ्या वस्तूंना एकच मटेरियल लावायची सोय) आहे, पण तो डोळे झाकून वापरू नका. डोंगराचा उंचसखलपणा मटेरियलमधल्या डिस्प्लेसमेंटमधून (पृष्ठभाग वरखाली सरकवण्यातून) येत असेल, तर ओव्हरराइड केल्यावर तो पुसला जातो आणि डोंगर गुळगुळीत होतो. पानं चौकोनी कार्डांवर पारदर्शकता देऊन केलेली असतील, तर झाडाला पानांऐवजी पत्ते लटकलेले दिसतात. त्यामुळे जमिनीसाठी तेच डिस्प्लेसमेंट नोड जोडलेलं वेगळं करडं मटेरियल करावं आणि या चित्रापुरती झाडं लपवावीत.

तुकडा पाठवताना डीनॉइजर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारं साधन, बंद ठेवा. १२८ सॅम्पलवर (सॅम्पल म्हणजे दर पिक्सेलला उजेड किती वेळा तपासायचा तो आकडा) डीनॉइज केलेली पानं ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखी दिसतात, आणि बघणारा टेक्स्चरला नावं ठेवतो. कंट्रोल बी दाबून तेवढाच चौकोन निवडा आणि ५१२ किंवा जास्त सॅम्पलवर काढा. सगळं चित्र पुन्हा काढायची गरज नाही.

मेटाडेटाच्या भागात ‘बर्न इंटू इमेज’ असा पर्याय आहे. तो चालू केला की तारीख, कॅमेरा, लेन्स हे चित्रावरच छापून येतं, आणि ‘नोट’च्या चौकटीत आवृत्तीचा क्रमांक किंवा तुमचा प्रश्नही घालता येतो. तीन आठवड्यांनी ‘ती दुसरी वाली बरी होती’ असा निरोप आला की याचं मोल कळतं.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं. आभाळातले हलके उतार पट्ट्यापट्ट्यांचे होतात, धुक्यात चौकोन दिसतात, आणि ‘आभाळात पट्टे आहेत’ हा अभिप्राय तुमच्या रेंडरवरचा नसून दाबलेल्या प्रतीवरचा असतो. पीएनजी करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. समोरच्याला रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करायला सांगा, आणि स्वतःच्या स्क्रीनवरचाही बंद आहे ना ते आधी बघा. रात्री अकरानंतर ठरवलेले रंग सकाळी निळे दिसण्याचं निम्मं कारण तेच असतं. गर्दीच्या लोकलमध्ये, उन्हात, अर्ध्या ब्राइटनेसवर पाहिलेल्या चित्राबद्दल ‘सावल्या काळ्या आहेत’ असं उत्तर आलं तर ते नोंदवा, पण त्यावरून लगेच काही बदलू नका. चौकट आणि आकाररेषेबद्दलचं मत मात्र लोकलमध्येही चालतं. तिथे लहान पडद्याचा उलट फायदाच आहे.

संदर्भाचे फोटो पहिल्या उत्तरानंतर पाठवावेत. आधी पाठवले की समोरचा तुमचं चित्र बघतच नाही, दोन चित्रांतले फरक मोजतो. आणि फोटो मोबाइलचा असेल तर त्याची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरइतकी रुंद असते हे लक्षात ठेवा. त्यात मागचे डोंगर बुटके होतात. ब्लेंडरचा कॅमेरा ५० मिलिमीटरवर ठेवून त्या फोटोशी तुलना केली तर दोन्हींपैकी एक खोटं वाटणारच.

चार प्रश्न

‘कसं वाटलं?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी चित्र पाच सेकंद दाखवा, झाकून टाका आणि विचारा:

तुम्ही कुठे उभे आहात?
किती वाजलेत?
महिना कुठला?
तो मागचा कडा किती लांब आहे?

या उत्तरांना कलेची जाण लागत नाही. घरातली आजीसुद्धा सांगते, आणि बऱ्याचदा सर्वांत नेमकं तीच सांगते. तुमच्या मनात जुलैमधली दुपार आहे आणि पाचांपैकी तिघं ‘डिसेंबरची सकाळ’ म्हणाले, तर चूक चित्रात आहे, बघणाऱ्यांत नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मीटरमध्ये येत नसेल तर मुंबईकराला मुंबईचं माप द्या. लोकलचा डबा सुमारे २० मीटरचा, बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरच्या आसपास. ‘इथून कड्यापर्यंत किती गाड्या लागतील?’ असं विचारलं की माणूस हसतो, पण उत्तर देतो. पाच किलोमीटर लांबच्या कड्याला कुणी ‘दोन गाड्या’ म्हणालं, की प्रमाण फसलंय हे समजावं.

‘दिवाळीतल्या किल्ल्यासारखं दिसतंय’

लँडस्केपवर येणारी सर्वांत सामान्य तक्रार हीच, फक्त शब्द निरनिराळे: खेळण्यासारखं, गणपतीच्या आरासीतल्या डोंगरासारखं, मॉडेलसारखं. दिवाळीच्या किल्ल्यावर मोहरी किंवा अळीव पेरलेलं असतं आणि त्याचं एकेक पान मावळ्याच्या डोक्याएवढं असतं. रेंडरमध्येही नेमकं हेच झालेलं असतं. पण कारण एक नसतं. ते एकेक करून तपासावं लागतं, आणि पुढचा क्रम ठेवला तर वेळ वाचतो.

आधी दृश्याचं खरं माप. लांबचे डोंगर कॅमेऱ्याच्या ‘क्लिप एंड’च्या पलीकडे जाऊन कापले जातात, म्हणून अनेक जण सगळं दृश्य शंभरपट लहान करून टाकतात. तिथून पुढे सगळंच बिनसतं: फोकसची खोली, हवेची घनता, गवताची लांबी. दृश्य खऱ्या मापात ठेवा आणि क्लिप एंड २०,००० मीटर करा. मग घराच्या दाराशी दोन मीटरचा डबा उभा करा आणि तो दारात मावतो का ते बघा.

मग डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे किती अंतरापासून किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं ते. मागचा डोंगर धूसर आणि पुढचं गवतही धूसर असेल, तर मेंदू ते टेबलावरचं मॉडेल समजतो. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ ८ आणि फोकस ५ मीटरवर ठेवला तर खऱ्या कॅमेऱ्यात अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. तुमच्या चित्रात लांबचा कडा फोकसमुळे धूसर झाला असेल तर तो परिणाम काढून टाका. धूसरपणा हवेतून आला पाहिजे, लेन्समधून नाही.

मग टेक्स्चरचं माप. स्कॅन केलेलं जमिनीचं टेक्स्चर बहुधा दोन मीटर बाय दोन मीटर जागेचं असतं. ते शंभर मीटर उतारावर ताणलं तर खडे धोंडे होतात. उलट तेच पन्नास वेळा शेजारीशेजारी लावलं तर लांबून चटईसारखी नक्षी दिसते. जवळ, मध्यावर आणि लांब अशी तीन निरनिराळ्या मापांची टेक्स्चरं अंतरानुसार मिसळली तर दोन्ही टळतं. पायवाटेकडेचं गवत वीस-तीस सेंटिमीटर धरा. ते माणसाच्या गुडघ्याच्या वर गेलं तर तसं मुद्दाम केलंय हे चित्रातून कळायला हवं.

शेवटी हवा, आणि इथे जास्त वेळ द्यावा. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाणी असतं, मे महिन्यात धूळ असते, आणि कुठल्याही महिन्यात आठ किलोमीटरवरची सावली काळी दिसत नाही. कृष्णधवल प्रत उघडा आणि तीन ठिकाणच्या सर्वांत गडद सावल्यांचे आकडे घ्या (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). पायाजवळ २०च्या आसपास, दोन किलोमीटरवर ६० ते ८०, आठ किलोमीटरवर १३०च्या पुढे, अशी चढती भाजणी सुरुवातीला धरून चालावी. तिन्ही आकडे २० ते ३०च्या आत असतील तर कितीही झाडं लावा, किल्ला किल्लाच राहील. हवा व्हॉल्यूमने, म्हणजे दृश्यात खरंच धुकं भरून, केली तर रेंडर हळू होतं आणि दाणे येतात. अर्धवट टप्प्यात मिस्ट पास (अंतरानुसार उजळत जाणारं वेगळं चित्र) चालू करून, वर्ल्डच्या सेटिंगमध्ये स्टार्ट आणि डेप्थ देऊन, कंपोझिटरमध्ये रंग मिसळणं पुरेसं. तो रंगही नुसता निळा नको. जुलैत तो पांढुरका करडा असतो, मेमध्ये मळका पिवळट.

समुद्र किंवा खाडी असेल तर आणखी एक तपासणी आहे. सपाट जागी क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असतं. कॅमेरा १.७ मीटरवर असेल, तर ज्याचे डोळे तितक्याच उंचीवर आहेत अशा प्रत्येक माणसाच्या डोळ्यांतून क्षितिजाची रेषा गेली पाहिजे, माणूस जवळ असो की लांब. मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी उभं राहून हे पडताळता येतं. एका माणसाच्या गुडघ्यातून आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून रेषा जात असेल तर कुणीतरी हवेत तरंगतंय किंवा जमिनीत रुतलंय.

ऊन आणि महिना

मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. २१ डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य साधारण ४७ अंशांवर असतो आणि माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते. २१ जूनच्या मध्यान्हीला तो जवळजवळ डोक्यावर, तोही किंचित उत्तरेला झुकलेला असतो. सन पोझिशन ॲड-ऑनमध्ये १९.०७ आणि ७२.८८ हे मुंबईचे अक्षांश-रेखांश आणि वेळेचा फरक साडेपाच तास घाला, म्हणजे वाद मिटतो. तयार एचडीआरआय आभाळं (दृश्याला उजेडही देणारे आभाळाचे फोटो) बरीचशी युरोपातली असतात, सूर्य खाली आणि उजेड सोनेरी. ते आभाळ आणि वर स्वतःचा वेगळा सूर्य असे दोन्ही ठेवले तर सावल्या दोन पडतात. बघणाऱ्याला दोन सावल्या दिसतात असं नाही, त्याला फक्त अस्वस्थ वाटतं.

कोकणाकडचा कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी तो सावलीत असतो, ऊन त्यावर दुपारनंतर येतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात न्हालेला कडा काढलात तर ट्रेकर मंडळी एका नजरेत पकडतात. तसंच धबधब्यांचं: कड्यावरून पाणी कोसळतंय आणि जमिनीवर कातरल्यासारख्या धारदार सावल्या आहेत, हे फार तर उघडिपीच्या तासाभरात जमतं. भर पावसाचं दृश्य हवं असेल तर सूर्य बंदच करा, किंवा त्याचा अँगल ०.५३ अंशांवरून ३०-४० अंशांपर्यंत वाढवून सावल्या विरघळू द्या.

महिना झाडं सांगतात. भात जुलैत लावलेला असतो आणि दिवाळीच्या सुमाराला कापलेला असतो. गवत डिसेंबरात पिवळं पडतं. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. ॲसेट लायब्ररीत सहज सापडणारी पाइनची झाडं सह्याद्रीत नसतात, आणि अमेरिकी वाळवंटातला तांबडा वालुकाश्म म्हणजे आपला काळा बेसॉल्ट नव्हे. माथ्यावर जांभा दाखवायचा असेल तर तो माथ्यावरच ठेवा, कड्याच्या पोटात नको.

हिरव्याबद्दल एवढंच. ‘हिरवा फार भडक आहे’ अशी तक्रार आली की सगळे जण सॅच्युरेशन खाली ओढतात. आधी मूळ रंग किती उजळ दिलाय ते बघा. कोळसा साधारण ०.०४ उजेड परतवतो, गवत ०.२च्या आसपास, ताजा बर्फ ०.८च्या वर. गवताला ०.६ दिलं असेल तर उजेड पात्यापात्यांत उड्या मारत निऑनसारखा होतो. ओली माती आणि ओला खडक कोरड्यापेक्षा गडद आणि चकचकीत असतात, त्यामुळे रंग खाली आणि रफनेसही (खडबडीतपणाचा आकडा) खाली. ब्लेंडरच्या ४.० आवृत्तीपासून एजीएक्स हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग पडद्यावर कसे दाखवायचे ती पद्धत) आपोआप लागू असतो आणि तो भडक रंग थोडे फिके करतो. म्हणून फेरी एक फिल्मिक या दुसऱ्या पद्धतीमध्ये आणि फेरी दोन एजीएक्समध्ये दाखवू नका. ‘आधीचं जास्त जिवंत होतं’ असं उत्तर येईल आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल.

कुणाला विचारायचं

चार प्रकारची माणसं पुरतात. सह्याद्रीत भटकणारा एक, हाताने निसर्गचित्र काढणारा एक, स्टुडिओत लायटिंग करणारा एक, आणि यातलं काहीच न करणारा एक. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओतल्या लोकांना रात्री दहानंतर मेसेज करू नका. त्यांचे डोळे दिवसभर हेच करून थकलेले असतात आणि उत्तर ‘ठीक आहे’ येतं. चित्रकाराला मोबाइलवर न दाखवता प्रिंट किंवा मोठा पडदा दाखवा. तो डोळे किलकिले करून बघेल, कदाचित चित्र उलटं करायला सांगेल. ते ऐकाच. आडवं उलटवलेल्या चित्रात तोल गेलेला लगेच दिसतो, कारण आपल्या डोळ्यांना पडलेली सवय तिथे तुटते.

प्रत्येकाला त्याच्या विषयाचंच विचारा. ट्रेकरला पाठवायचा मजकूर असा चालेल:

‘दादा, अर्धवट काम आहे. झाडं आणि घर अजून तात्पुरती आहेत, ती सोडून द्या. फक्त कडा बघा. थर आणि घळी खऱ्या वाटतात का? जिथे खटकतं तिथे फोटोवर बोटाने गोल करून पाठवा. दोनच मिनिटं लागतील, रविवारपर्यंत चालेल.’

यात चार गोष्टी आहेत: काय सोडायचं, काय बघायचं, उत्तर कसं द्यायचं आणि किती वेळ लागेल. ‘बोटाने गोल करा’ हे फार उपयोगी पडतं. ज्याला शब्द सापडत नाहीत त्यालाही जागा दाखवता येते, आणि पाच जणांचे गोल एकावर एक ठेवले की कुठे गर्दी होते ते उघड दिसतं. चित्रकाराला तुमच्या चित्रावर थेट रंगवायची परवानगी द्या, क्रिटा फुकट आहे. ‘आभाळ हलकं करा’ या वाक्यापेक्षा त्याने मारलेला एक फटकारा जास्त सांगतो.

स्टुडिओचं किंवा क्लायंटचं काम असेल तर हे काहीच बाहेर दाखवू नका, ‘फक्त एका मित्राला’ही नाही. त्याच पद्धतीचं वेगळं छोटं दृश्य रचा आणि ते दाखवा.

उत्तर आल्यावर

समजावत बसू नका. ‘ते अजून व्हायचंय’ हे वाक्य तीनदा तोंडात आलं तर टप्पा चुकीचा निवडलाय. समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, स्वतःच्या भाषेत नको. ‘डोंगर जड वाटत नाही’ हे तुम्ही ‘डोंगराचं टेक्स्चर सुधारायचं’ असं लिहून ठेवलं की मूळ तक्रार हरवते.

तक्रार आणि उपाय वेगळे करा. लोक उपाय सुचवतात, कारण ते मदत करू पाहतात. ‘इथे एक झाड टाक’ म्हणजे बहुधा ‘इथे नजर चौकटीबाहेर निसटते’. झाड टाकायची गरज नसते. त्या कडेची उजळ जागा गडद केली तरी काम होतं. दुखतंय कुठे हे रोगी बरोबर सांगतो, औषध मात्र त्याला विचारायचं नसतं. ‘प्लॅस्टिकसारखं’ म्हणजे बहुतेक वेळा सगळीकडे एकच ०.५ रफनेस आणि पानांतून उजेड आरपार न जाणं. ‘रिकामं’ म्हणजे वस्तूंची कमतरता क्वचितच, बहुधा मोठ्या-मध्यम-लहान आकारांतलं मधलं माप गायब असतं: डोंगर आहे, गवत आहे, पण झुडूप, बांध, धोंडा काही नाही. ‘गिचमिड’ असेल तर कृष्णधवल प्रतीत पुढचं, मधलं आणि मागचं असे तीन वेगळे करडे दिसतात का बघा.

दोघांची मतं उलटसुलट आली तर दोघंही एकाच जागेबद्दल बोलतायत का ते आधी पाहा. एकाला धुकं जास्त वाटतं, दुसऱ्याला कमी. दोघांना त्रास त्याच दरीचा आहे. म्हणजे धुक्याचं प्रमाण ठीक आहे, ते सुरू चुकीच्या अंतरावर होतंय. स्टार्टचा आकडा हलवा, डेप्थचा नाही.

बदल एका वेळी एकच करा, कॅमेरा आणि सूर्य जागचे न हलवता. ९६० पिक्सेलचं छोटं रेंडर काढा आणि आधीचं-नंतरचं शेजारीशेजारी ठेवून त्याच माणसाला परत पाठवा. त्याने सांगितलेलं तुम्ही केलंत हे दिसलं की पुढच्या वेळी तो स्वतःहून जास्त बघतो. पण दोन फेऱ्यांनंतर तोच माणूस निकामी होतो, त्याला तुमचं चित्र पाठ झालेलं असतं. तिसऱ्या फेरीला ताजे डोळे हवेत, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवून मोकळे होऊ नका. दोन माणसं राखून ठेवा.

उत्तरं ‘मला जरा निळं आवडलं असतं’, ‘मी सूर्यास्त केला असता’ अशी यायला लागली आणि चारही प्रश्नांना तुमच्या मनातली उत्तरं मिळत असली, की विचारणं थांबवा. मग फाइल मेनूतलं ‘पॅक रिसोर्सेस’ चालवून सगळी टेक्स्चरं फाइलमध्ये घ्या, नव्या नावाने प्रत करा, सीड (दाण्यांची मांडणी ठरवणारा आकडा) आणि व्ह्यू ट्रान्सफॉर्म लिहून ठेवा, आणि शेवटचं रेंडर एक्सआर या रंगांची पूर्ण माहिती ठेवणाऱ्या फाइल प्रकारात काढा. रंगाबद्दल उद्या मत बदललं तर डोंगर पुन्हा रेंडर करावा लागणार नाही.